‘होय’ दाबण्याआधी

मैत्रिणींनो, आपल्या शिवाजी पेठेत शेजारणीला विचारून बघा, ‘आज भाजी नाही आणली?’ एक म्हणेल, ‘होय की, नाही आणली.’ दुसरी म्हणेल, ‘नाही, नाही आणली.’ एकीचं होय, दुसरीचं नाही, पण अर्थ एकच! आपल्याला तो कळतो, कारण बोलणारीचा सूर आपण ऐकतो. मोबाइलला सूर कळत नाही. कोणतं बटण दाबलं, एवढंच त्याला कळतं.

सेटिंगमध्ये काही पुसायला किंवा बंद करायला गेलं, की पडद्यावर एक छोटी चौकट येते, ‘तुम्हाला खात्री आहे का?’ इकडे कुकरची शिट्टी, तिकडे मुलांची शाळेची घाई. बोट आपसूक ‘होय’वर जातं. म्हणून आज या चौकटीविषयीच बोलू.

अँड्रॉइडवर ॲप बनवणाऱ्यांना ही चौकट तयारच मिळते. वर मथळा, खाली मजकूर, त्याखाली बटणं. शब्द मात्र त्यांनी स्वतः घालायचे असतात, आणि सगळं कसब तिथंच आहे. ‘खात्री आहे का?’ खाली ‘होय’ आणि ‘नाही’, असा प्रश्न कशाचा ते सांगतच नाही. त्याऐवजी ‘सर्व संदेश पुसायचे? ते परत मिळणार नाहीत’ असं लिहून बटणांवर ‘पुसा’ आणि ‘राहू द्या’ घातलं, तर अर्धवट वाचणारीही सावध होते. काही चौकटी तर कोडंच घालतात. प्रश्न असतो ‘ऑर्डर रद्द करायची का?’ आणि बटणं ‘ठीक आहे’ व ‘रद्द करा’. आता ‘रद्द करा’ म्हणजे ऑर्डर रद्द, की रद्द करणंच रद्द?

शब्दांच्या अशा गोंधळाची किंमत आपल्या राज्यातल्या बायकांनी मोजली आहे. ‘माझी लाडकी बहीण’ योजना २०२४ मध्ये सुरू झाली, महिना १,५०० रुपयांची. २०२५ मध्ये तिची ई-केवायसी आली. कुटुंबातलं कोणी कायम सरकारी नोकरीत नाही, निवृत्तिवेतनही घेत नाही, अशा अर्थाचं नकारी वाक्य तिथं होतं आणि त्यापुढं होय किंवा नाही निवडायचं होतं. ज्यांच्या घरात सरकारी नोकरी नाही, अशा कितीतरी जणींनी साहजिकच ‘नाही’ दाबलं. यंत्राच्या हिशेबी त्याचा अर्थ उलटा झाला, म्हणजे घरात नोकरी आहे! चुकलेला पर्याय एकदा दुरुस्त करायला सरकारला ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत द्यावी लागली. यात बायकांचं काय चुकलं? प्रश्नच वाकडा होता.

तेव्हा काही सवयी लावून घ्या. वाक्य ‘नाही’वर संपत असेल तर ते मोठ्यानं वाचा आणि स्वतःला विचारा, ‘हे वाक्य खरं आहे का?’ खरं असेल तर ‘होय’. काहीच उलगडलं नाही तर फोनचं मागे जाण्याचं बटण दाबा. बहुतेक वेळा काही न बिघडता चौकट मिटते.

परत काय मिळतं आणि काय नाही, हेही ठाऊक असू द्या. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो पुसला, तरी तो ६० दिवस तिथल्या कचरापेटीत राहतो. व्हॉट्सॲपवर ‘माझ्यासाठी हटवा’ चुकून दाबलं, तर मागे घेण्याची सोय २०२२ पासून आहे, पण जेमतेम पाच सेकंद. फॅक्टरी रीसेटने मात्र फोन कोरा होतो. तिथं ‘होय’ म्हणण्याआधी फोटो आणि फोन नंबर दुसरीकडे उतरवून घेतलेले बरे.

आणि घरात कोणी ॲप बनवायला शिकत असेल, तर त्याला सांगा, ‘बाळा, तुझी चौकट आधी आजीला वाचायला दे. काही न विचारता तिनं बरोबर बटण दाबलं, तरच ती जमली म्हणायची.’