आरमाराचें वाङ्मय आणि आमचे अमात्य

निवृत्त ॲडमिरलांनीं लिहिलेल्या ग्रंथांचें आमच्या सुशिक्षित घरांतून मोठें कौतुक आहे. नेतृत्व कसें करावें, महासागरांचें राजकारण कसें ओळखावें, हें त्यांत असतें. आणि बाप तें पुस्तक मोठ्या विश्वासानें मुलाच्या हातीं ठेवितो. या परंपरेचा मूळपुरुष अमेरिकेचा मॅहन. सागरी सत्तेवरील त्याचा ग्रंथ १८९० सालीं निघाला आणि तो जगभर वाचला गेला. त्याच्या योग्यतेबद्दल आमचा वाद नाहीं.

आमचा वाद स्वकीयांशीं आहे. मॅहनच्या पावणेदोनशें वर्षें आधीं, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनीं करवीरच्या संभाजी महाराजांसाठीं आज्ञापत्र लिहिलें. त्यांतील आरमाराचें प्रकरण आज करवीरांतही परीक्षेतील प्रश्नापुरतेंच उरलें आहे! अमात्य दर्यावर्दी नव्हते, हिशेबी मुत्सद्दी होते. आणि त्या प्रकरणाचें मर्म हेंच. आरमाराचा खर्च मुलखाच्या नेमल्या वसुलावर बांधावा, बंदरांच्या उत्पन्नावर टाकूं नये. नाहीं तर व्यापारी नागवले जाऊन बंदरेंच ओस पडतील. पांच गुराबा व पंधरा गलबतें यांचा एक सुभा करावा. जहाजांसाठीं रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावूं नये. झाड जीर्णच झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावें. टोपीकरांस वखारीला जागा द्यावयाचीच तर ती किनाऱ्यावर देऊं नये. नेतृत्वाचे धडे देणाऱ्यांस हा लाकडाचा व वसुलाचा भाग क्षुद्र वाटतो. आम्हांस तोच मुख्य वाटतो.

आरमार हें राज्याचें स्वतंत्र अंग, असें अमात्य सांगून गेले. पुण्यानें तें आंग्र्यांची खासगी दौलत मानिलें. पेशव्यांनीं इंग्रजांचें साह्य घेतलें, आणि फेब्रुवारी १७५६ मध्यें ॲडमिरल वॉट्सनच्या तोफांखालीं तुळाजीचें आरमार विजयदुर्गाच्या बंदरांत जळून गेलें. तुळाजी उद्दाम होता, असें समर्थन अजूनही ऐकूं येतें. असेल, पण सरदारास शासन करण्यासाठीं राज्याचें अंग परक्याकडून तोडवितात काय? करवीरनेंही फार मान वर करूं नये. १८१२ च्या तहानें मालवण आपणच इंग्रजांस देऊन बसलों.

२०२२ मध्यें नौदलाच्या निशाणावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेची आठवण देणारा अष्टकोन आला, तेव्हां आम्हांसही आनंद झाला. पुढें मालवणच्या राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्यें उभारलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला, आणि वाऱ्याचें कारण पुढें करण्यांत आलें. समुद्रकाठीं वारा असतो, हें सांगण्यास अमात्य लागत नाहींत.

आज्ञापत्राची भाषा जुनी व कठीण, ही सबब आम्ही ऐकून घेणार नाहीं. ज्यांस ॲडमिरलांचें इंग्रजी उमजतें त्यांस गुराब आणि गलबत हे शब्द अडतात, हें कोणास खरें वाटेल? प्रकरण थोडक्या पानांचें आहे. मुलाच्या हातीं ॲडमिरलाचें पुस्तक देण्यापूर्वीं बापानें तें एकदां स्वतः वाचावें. एक संध्याकाळ पुरे.