इडली, चटणी आणि नऊ अंश सेल्सिअस

माझी रूममेट दोन वर्षांसाठी ऑनसाइट गेली तेव्हा मागे तीन गोष्टी ठेवून गेली. एक बीन बॅग, एक न उघडलेला राइस कुकर आणि दोन गिनीपिग. इडली पांढरीशुभ्र, चटणी तपकिरी. दोघी सख्ख्या बहिणी. ‘सांभाळशील ना?’ तिनं एअरपोर्टवर विचारलं. ‘टेन्शन नको घेऊस,’ मी म्हटलं. फ्रीलान्सर म्हणजे दिवसभर घरी रिकामी, असा सगळ्यांचा समज असतो. त्या दिवशी माझाही झाला होता.

पहिली अडचण घरमालकीण काकूंची. कोथरूडच्या जुन्या बंगल्यात मागची खोली मी भाड्यानं घेतलीय. काकूंनी पिंजऱ्यात डोकावून पाहिलं आणि निकाल दिला, ‘उंदीर घरात नकोत.’ मी म्हटलं, ‘काकू, हे उंदीर नाहीत हो.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘शेपूट नाही म्हणून काय झालं?’ आता शास्त्र काकूंच्या बाजूनं. गिनीपिग हा डुक्कर तर नाहीच, तो कुरतडणाऱ्यांच्याच खानदानातला. शेवटी तडजोड झाली. आवारातली पत्र्याची शेड, जिथं पूर्वी काकांची स्कूटर असायची, ती इडली-चटणीचा वन बीएचके झाली.

पावसाळा कसाबसा गेला. मग डिसेंबर आला आणि एका रात्री पारा नऊवर उतरला. आपण पुणेकर अशा वेळी स्वेटर काढतो, हुरड्याचे प्लॅन करतो. मीही तेच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेले. एरवी भाजीच्या पिशवीचा आवाज आला की दोघी शिट्टी मारल्यासारख्या ओरडतात. त्या दिवशी फक्त इडली ओरडली. चटणी कोपऱ्यात, अंगावरचे केस फुलवून, गोळा होऊन बसलेली. समोर कालची कोथिंबीर तशीच.

त्याच दिवशी रूममेटचा फोन. ‘कशा आहेत माझ्या पोरी?’ मी म्हटलं, ‘एकदम मस्त!’ हे बोलत होते तेव्हा चटणी माझ्या टेबलाखाली बुटांच्या खोक्यात, टॉवेलमध्ये गुंडाळलेली होती.

फोन ठेवला आणि अॅक्टिव्हावरून थेट डॉक्टरांकडे. छातीत इन्फेक्शनची सुरुवात, वर अंगभर उवा. डॉक्टर शांतपणे म्हणाले, ‘शेडमध्ये रात्री तापमान किती असतं?’ मी गप्प. ‘लॅपटॉपची बॅटरी किती टक्के उरलीय, ते मात्र सांगता येईल ना?’ आला असता राग, पण माणूस बरोबर बोलत होता.

मला एक कोडं पडलं होतं. हे प्राणी मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले. तिथं पुण्याच्या कितीतरी पट थंडी. मग आपल्या नऊ अंशांत यांची हालत का होते? उत्तर इंटरेस्टिंग आहे. माणसानं यांना हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं आणि तिथल्या घरांमध्ये हे चक्क स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेत राहत आले. म्हणजे आपण ज्याला शेडमधला प्राणी समजतो, तो मुळात चुलीजवळचा मेंबर. यांना साधारण १८ ते २४ अंश मानवतात. पारा १५ च्या खाली गेला की काळजी. आणि कोरड्या थंडीपेक्षा वाईट म्हणजे ओल आणि खालून येणारा झोत.

मग एक अख्खा वीकएंड शेडला दिला. शंभर रुपयांत मिळणारं साधं थर्मामीटर आधी लावलं, पिंजऱ्याच्या उंचीवर. पिंजरा शहाबादी फरशीवर होता, म्हणजे रात्रभर बर्फाच्या लादीवर झोपल्यासारखं. तो विटा आणि फळीवर उचलला. आत वर्तमानपत्रांचा जाड थर (माझ्या लेखांचा शेवटी कुणाला तरी उपयोग झाला!), त्यावर वीतभर सुकं गवत. लपायला पुठ्ठ्याचं खोकं, कारण लहान बंद जागेत त्यांच्या अंगाचीच ऊब साठते. रात्री तीन बाजूंनी गोणपाट, वरून जुनी रजई. चौथी बाजू उघडी, आणि ती मुद्दाम. सगळं बंद केलं तर लघवीचा अमोनिया कोंडतो आणि थंडीनं होणार होतं तेच फुप्फुसाचं दुखणं त्यानं होतं. कडाक्याच्या रात्री गरम पाण्याची पिशवी, जाड फडक्यात गुंडाळून, एका कोपऱ्यात. नको असेल तर त्यांना लांब सरकता आलं पाहिजे. बल्ब किंवा हीटर मी लावला नाही. गवत, कागद आणि वायर कुरतडणारे दात एकाच खोलीत असताना तो नादच नको.

आता पाहुण्यांचा विषय. उवा आल्या कुठून? बहुधा स्वस्तात आणलेल्या गवतातून. या उवा माणसाला लागत नाहीत, पण गिनीपिगला होणारी एक प्रकारची खरूज इतकी भयंकर असते की खाजेनं त्यांना अक्षरशः झटके येतात. कुत्र्याचं गोचीड-औषध घरात पडलंय म्हणून लावलं, असं अजिबात करू नका. औषध आणि डोस वजनाप्रमाणे डॉक्टरच ठरवतील. आता मी गवत घेताना बुरशी आणि ओल बघते, कडक उन्हात वाळवते आणि झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवते.

उंदरांसाठी आधी कोंबड्यांची जाळी लावली होती. शुद्ध विनोद! लहान उंदीर त्यातून ऐटीत आत-बाहेर करतो. आता पाव इंची वेल्डमेश आहे, तळालासुद्धा, कारण घूस खालून पोखरत येते. रात्री फक्त गवत आणि पाणी ठेवायचं, दाणे आणि भाजी उचलायची. उंदराचं मूत लेप्टोला आमंत्रण, आणि उंदीर आले की मागोमाग साप. विष नाही, साधा पिंजरा. डांबराच्या गोळ्या, मुंग्यांचा खडू, मच्छर कॉइल, सगळं शेडबाहेर. मुंग्यांचा उपाय तर काकूंनीच दिला. त्यांच्या आईच्या जाळीच्या कपाटासारखे पिंजऱ्याच्या टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत!

चटणी वाचली. पाच दिवस दर तीन तासांनी सिरिंजनं पातळ खाणं भरवलं, रात्रीसुद्धा. तिसऱ्या रात्री गोठलेल्या हातांनी मी शेडमध्ये बसले होते, तेव्हा काकू शाल गुंडाळून बाहेर आल्या. म्हणाल्या, ‘थंडी संपेपर्यंत व्हरांड्यात आण त्यांना. पण व्हरांड्यातच हं.’

रविवारी मी रूममेटला फोन लावला आणि सगळं सांगितलं, ‘एकदम मस्त’वालं खोटंसुद्धा. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘पुढच्या वेळी आधी सांग. मला वाईट बातमी चालेल, खोटी नको.’ आता दर रविवारी मी तिला शेडच्या थर्मामीटरचा फोटो पाठवते. अन् काकू कोथिंबिरीच्या काड्या टाकत नाहीत, वेगळ्या वाटीत ठेवतात.

लक्षात ठेवा

• बारा तास काही खाल्लं नाही तर सोमवारची वाट बघू नका. यांचं पोट सतत चालू लागतं.

• क जीवनसत्त्व यांच्या शरीरात तयार होत नाही, अगदी आपल्यासारखंच. रोज ढोबळी मिरची द्या, अधूनमधून पेरूची छोटी फोड. (हो, पेरू देशातल्या प्राण्याला पेरूच!)

• लसूणघास मोठ्यांना रोज नको. जास्त कॅल्शियममुळे मुतखडा होऊ शकतो.

• अमॉक्सिसिलिनसारखं घरातलं अँटिबायोटिक तोंडावाटे दिलंत तर जीव जाऊ शकतो.

• एकटा ठेवू नका. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून तसा कायदाच आहे.

• मार्चनंतर उलटा प्रॉब्लेम. पत्र्याखाली पारा २७ च्या वर गेला की उष्माघात. तेव्हा वाळ्याचा ओला पडदा लावा, नाहीतर सरळ घरात आणा.