संपादकाच्या खुर्चीत आमची मुलं

दहावीच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनाचा एक प्रश्न असतो: बातमी तयार करा. माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं हा प्रश्न डोळे मिटून सोडवतात. वर ठिकाण आणि तारीख, मग ‘आमच्या वार्ताहराकडून’, मग शाळेत वृक्षारोपणाचा कार्यक्रम मोठ्या उत्साहात पार पडला, शेवटी आभारप्रदर्शन. गुण मिळतात. ही बातमी कोणाला विचारून लिहिली, हे कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

माझा भाचा इंजिनियरिंगला आहे. तो एकदा वर्ग संपेपर्यंत बाजूला बसून ऐकत होता. मुलं गेल्यावर म्हणाला, “खाला, यांना बातमी शिकवायची असेल तर खेळ द्या.” मला वाटलं चेष्टा करतोय. पण पुढच्या रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला आणि मीरा रोडच्या नया नगरातल्या माझ्या हॉलमध्ये चार मुलं पत्रकारितेवरचे खेळ खेळायला बसली. मोबाइलवर गोळीबाराचे खेळ खेळणारी ही मुलं. पहिल्या दहा मिनिटांत एकजण कंटाळून म्हणाला, “यात तर नुसतं वाचायचंच आहे.”

त्याचं बरोबर होतं. हे वाचत जायचे आणि निवड करत जायचे खेळ असतात. समोर प्रसंग येतो, दोन-तीन पर्याय येतात, तुम्ही एक घेता आणि गोष्ट त्या वाटेने जाते.

पहिला खेळ होता ‘द रिपब्लिया टाइम्स’. लुकस पोप यांनी तो २०१२ साली केला, ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतो. तुम्ही एका हुकूमशाही देशातल्या सरकारी वर्तमानपत्राचे संपादक. तारेने बातम्या येत राहतात. कोणती छापायची, कोणती लहान, कोणती मोठी, एवढंच तुमच्या हातात. देशाची चांगली बाजू दाखवली की वाचकांची निष्ठा वाढते, वाईट दाखवली की घटते. हवामान, खेळ, चटपटीत गोष्टी टाकल्या की वाचक वाढतात. तुमचं कुटुंब सरकारच्या ‘संरक्षणात’ आहे, म्हणजे ओलीस आहे. मधेच बंडखोरांचा निरोप येतो, आता आमच्यासाठी काम कर. बंडखोर जिंकले तर देशाचं नाव बदलतं, आणि तुम्हाला पुन्हा तीच खुर्ची, तेच काम.

दुसरा खेळ २०१८ चा ‘हेडलाइनर: नोव्हीन्यूज’. इथेही तुम्ही संपादक, बातम्यांवर मंजूर-नामंजूर करायचं. पण काम संपलं की चालत घरी जावं लागतं, आणि तुम्ही काय छापलं त्याप्रमाणे रस्ता बदललेला दिसतो.

तिसरा २०१५ चा ‘२०६४: रीड ओन्ली मेमरीज’. हा सायबरपंक. म्हणजे तंत्रज्ञान आभाळाला टेकलेलं आणि माणसाचं जगणं मात्र खाली घसरलेलं, अशा उद्याची गोष्ट. नायक कडकीतला पत्रकार. गोष्ट सुरू होते तेव्हा त्याला हेडफोनचं परीक्षण लिहून द्यायचं असतं. मग एक विचार करणारं यंत्र त्याच्या घरात येतं आणि हरवलेल्या माणसाचा शोध सुरू होतो.

मुलांची मतं मी वहीत लिहून ठेवली, कारण ती मला माझ्या शिकवणीपेक्षा बरी वाटली. दहावीतला एक मुलगा म्हणाला, “पहिल्या दिवशी मी सगळं खरं छापलं, तर हरलो. हा खेळच लबाड आहे.” त्याच्या मित्राचं मत उलटं: “लबाड नाही, सोपा आहे. वर काय पाहिजे ते कळलं की जिंकता येतं.” भाच्याला सायबरपंक खेळ सर्वात आवडला होता, पण त्याचीही तक्रार होती की यातला पत्रकार पत्रकार कमी आणि गुप्तहेर जास्त आहे. बारावीतली मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “टीचर, रिपब्लियामध्ये कोणाला काही विचारायचं बटणच नाही. बातमी येते. मी फक्त मोठी करते नाहीतर फेकते. ती खरी आहे का, हे विचारायला मी कुठे जाऊ?” आणि हसून पुढे: “ये तो अपने बिल्डिंग का ग्रुप है.”

ते ऐकून मला २१ जानेवारी २०२४ ची रात्र आठवली.

अयोध्येतल्या सोहळ्याच्या आदल्या रात्री नया नगरात झेंडे लावून आलेल्या गाड्यांवर हल्ला झाला, लोक जखमी झाले. पुढचे दोन दिवस दुसऱ्या बाजूने मुसलमानांच्या दुकानांवर, वाहनांवर हल्ले झाले. २३ तारखेला हैदरी चौकात अनधिकृत बांधकाम म्हणून बुलडोझर चालला. तो माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे होता आणि मी तो मोबाइलवर पाहत होते. खाली उतरायचं धैर्य नव्हतं. सायबरपंक म्हणजे काय हे मला २०६४ सालात जाऊन शिकायची गरज नाही.

त्या काळात एका रात्री मला एक व्हिडिओ आला. एका गल्लीत जमाव, तलवारी, आरडाओरडा. खाली लिहिलेलं: मीरा रोड, आत्ताचा. मी तो इमारतीच्या ग्रुपवर टाकला, सोबत ‘कोणीही खाली उतरू नका’. माझा हेतू वाईट नव्हता. तो कोणाचाच नसतो. वीस मिनिटांनी खालच्या मजल्यावरच्या एका मुलाने लिहिलं, “आंटी, या व्हिडिओतली रिक्षा बघा. हिरवी-पिवळी आहे. आपल्याकडे काळी-पिवळी असते.” मी व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो पुढे गेला होता.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई भाईंदरला राहतात. त्या आठ दिवस आल्या नाहीत. आल्या तेव्हा भांडी घासता घासता म्हणाल्या, “पोरगा सोडत नव्हता, टीचर. त्याच्या मोबाइलवर तुमच्याकडचा व्हिडिओ आला होता, तलवारीचा.” मी विचारलं, त्यात रिक्षा होती का? होती. माझ्याच बोटाने तो तिथवर पोचला की आणखी कोणाच्या, ते कळायला मार्ग नाही. पण त्या गरीब बाईचे आठ दिवस बुडाले, आणि आपली आई ज्या वस्तीत रोज जाते तिथे तलवारी नाचतात असं एका मुलाच्या डोक्यात बसलं. त्यात माझा वाटा असू शकतो. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. नंतर सांगितलं.

त्या रात्री माझ्याकडे ‘पाठवा’ आणि ‘पुसून टाका’ एवढीच दोन बटणं होती असं मी समजत होते. तसं नव्हतं. आमच्या समोरच्या इमारतीत, हैदरी चौकात, शांतीनगरात ओळखीची माणसं होती. एक फोन पुरला असता.

म्हणूनच माझं मत असं आहे की बातमीदारी म्हणजे निवड नव्हे, चौकशी आहे. आलेल्या मालातून काय मोठं करायचं हे संपादकाचं अर्धं काम. त्याआधी कोणीतरी उठून गेलेलं असतं, विचारलेलं असतं, पाहिलेलं असतं. ते कोणी केलंच नसेल तर संपादक कितीही सज्जन असो, तो फक्त अफवांची मांडणी करतो. आज ज्याच्या हातात मोबाइल आहे तो रिपब्लियाच्या खुर्चीत बसला आहे. फरक इतकाच की आपल्याला उठून जायची मुभा आहे.

यावर आपल्याच लोकांचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो माझ्या घरातच घेतला गेला. माझे यजमान म्हणाले, “मोठमोठी चॅनेलं दिवसरात्र आपल्याविरुद्ध बोलतात आणि तू आपल्याच पोरांना शिस्त शिकवतेस?”

आक्षेप हलका नाही. १४ एप्रिल २०२० ला लॉकडाउनमध्ये अडकलेले मजूर घरी जायच्या आशेने वांद्रे स्टेशनबाहेर जमले, तेव्हा काही वाहिन्यांना मजूर दिसण्याऐवजी शेजारची मशीद दिसली. त्याच वर्षी तबलीगी जमातीच्या नावाने महिनोन् महिने जे चाललं ते आपण सगळ्यांनी भोगलं. भाजीवाल्यांना नाव विचारलं गेलं. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांच्याविरुद्ध माध्यमांतून मोठा प्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा करण्यात आलं, असं नोंदवलं. निकाल आला, पण आधी गाजलेल्या मथळ्यांच्या आकारात तो कुठे छापून आल्याचं मला आठवत नाही. रिपब्लियाच्या भाषेत सांगायचं तर आरोप चार रकान्यांत, सुटका कोपऱ्यात.

तेव्हा मोठा गुन्हा कोणाचा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांचा गुन्हा मोठा आहे म्हणून माझा हिरव्या-पिवळ्या रिक्षावाला व्हिडिओ खरा ठरत नाही. आणि अफवेला आपला-परका कळत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना ठेचून मारलं गेलं. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षेवर पोट भरणारे भटक्या गोसावी समाजाचे लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राने बोट अडवलं, इतकंच. बोट चालवणाऱ्याने विचारायला शिकायचं काम राहिलंच.

दुसरं, ज्याच्यावर रोज खोटं लादलं जातं त्याच्याकडे शेवटी एकच पुंजी उरते: याने सांगितलं म्हणजे खरं असणार, हा विश्वास. उद्या आपल्या गल्लीत खरोखर अन्याय झाला आणि आपण खरा व्हिडिओ दाखवला, तर लोकांनी तो का मानावा, काल आपण खोटा पाठवला असेल तर? सूरह हुजुरातमध्ये खबर आली की आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाचं नुकसान करून मागून पस्तावाल, अशी ताकीद आहे. ही आयत आपण तकरीरमध्ये ऐकतो, मान डोलावतो, आणि बाहेर येऊन चपला घालता घालता फॉरवर्ड करतो.

मग खेळाने हे शिकता येतं का? एकट्या खेळाने नाही. खोट्या बातम्यांविरुद्ध भारतात व्हॉट्सअॅपसारखा एक खेळ करून संशोधकांनी रीतसर प्रयोग केला, तेव्हा खेळलेले आणि न खेळलेले लोक यांच्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. मला याचं नवल वाटलं नाही. माझ्या हॉलमध्येही खेळ संपल्यावर दहावीतल्या मुलाला एवढंच कळलं होतं की जिंकायचं कसं. जे काही शिकणं झालं ते नंतरच्या तासाभराच्या वादात झालं, जेव्हा मी माझ्या व्हिडिओची गोष्ट सांगितली आणि मुलांनी मला सोडलं नाही. “टीचर, तुम्ही ग्रुपवर माफी मागितली होती?” नव्हती मागितली. फक्त पुसला होता. त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की त्या वेळचा तो व्हिडिओ खोटा होता आणि तो मी टाकला होता. दोघांनी अंगठा दाखवला, एकाने विचारलं, आता का?

मुलांना बंडखोर जिंकल्यावर पुन्हा तीच खुर्ची मिळते हा शेवट आवडला नाही. “मग बदललं काय?” मला वाटतं तोच या खेळाचा सर्वात उपयोगी भाग आहे. आपल्या बाजूचं खोटं हे खोटंच असतं, हे आपल्या मुलांना आपणच सांगायला हवं.

आमच्या इमारतीच्या ग्रुपवर आता एक साधा रिवाज आहे. कोणी दंग्याचा, अपघाताचा, मुलं पळवल्याचा व्हिडिओ टाकला की पहिला प्रश्न येतो: हा कुठला चौक? कोणी पाहिलं? उत्तर नसेल तर तो पुढे जात नाही. शांतीनगर आणि भाईंदरमधल्या काही घरांचे नंबरही आम्ही घेऊन ठेवलेत. त्यांच्याकडून काही ऐकलं तर त्यांनाच विचारायचं, आमच्याकडचं काही ऐकलं तर त्यांनी आम्हाला. मशिदीच्या कमिट्या, सोसायट्या, शिकवण्या यांना हे सहज जमेल. पैसा लागत नाही. फोन उचलण्याची सवय लागते.

आणि बातमीलेखन? ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. म्हणून आपण तो पत्रकार दिन मानतो. या वर्षी त्या दिवशी मी वर्गात वृक्षारोपण बंद केलं. प्रत्येकाने तीन माणसांना विचारून एक बातमी आणायची, असं सांगितलं. बारावीतल्या मुलीने तिच्या इमारतीत पाण्याचा टँकर किती वाजता येतो आणि कोणाला पाणी मिळत नाही, ते लिहून आणलं. वॉचमनला, सेक्रेटरीला आणि तळमजल्यावरच्या एका आजीला विचारलं होतं. तिघांचं म्हणणं वेगळं निघालं. ती म्हणाली, “टीचर, आता यातलं खरं कोणतं ते मला कळत नाही.”

मी म्हटलं, मग टँकर येईल तेव्हा खाली जाऊन उभी राहा.