पेटी जुनी, पोट नवे

जुनी वस्तू टाकवत नाही, हा आमच्या पिढीचा गुण की दोष, यावर घरोघरी वाद होतात. सध्या आमच्याकडे तो एका लोखंडी पेटीवरून रंगला आहे. कुठल्याशा कचेरीने भंगारात काढलेल्या सर्व्हरची ही रॅकमध्ये बसणारी पेटी भाच्याने आणली आहे. तिच्यात तो घरासाठी फायरवॉल करणार. फायरवॉल म्हणजे इंटरनेटच्या वाटेवर बसवलेला राखणदार. आत कोणाला सोडायचे आणि घरातून बाहेर कोणी कुठे जायचे, हे तो नियमांवर बोट ठेवून ठरवतो.

मंडळी, माझे मत सांगतो. पेटी जरूर ठेवावी, पण तिचे जुने पोट ठेवू नये.

पेटी का ठेवावी? कारण तिचे माप जुने होत नाही. रॅकची रुंदी १९ इंच, आणि उंचीचे एकक, ज्याला 'यू' म्हणतात, ते पावणेदोन इंच. ही मापे कित्येक दशके तीच आहेत. आतल्या मदरबोर्डचेही तसेच. १९९५ मध्ये आलेल्या एटीएक्स मापाच्या पेटीत, २००१ मध्ये आलेला सतरा सेंटिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स बोर्ड त्याच स्क्रूंच्या भोकांवर बसतो. मापे ठरवणाऱ्यांनी पुढच्यांचा विचार केला, त्याचे हे फळ. काही कंपन्यांच्या पेट्यांत मात्र त्यांचाच बोर्ड बसतो, तेव्हा घेण्याआधी भोके तपासावीत.

आता पोट. इथे 'जुने ते सोने' चालत नाही. हिशेब मांडून बघा. जुना सर्व्हर १०० वॅट खात असेल, तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. आणि राखणदाराला रात्रीची सुट्टी नाही! तेच काम १५ वॅटचा लहान बोर्ड महिन्याला सुमारे ११ युनिटांत करतो. शिवाय एक 'यू'च्या पेटीतले चार सेंटिमीटरचे पंखे मिक्सरसारखे किंचाळतात. दोन 'यू'ची पेटी असेल तर मोठे, सावकाश फिरणारे पंखे बसतात. अर्थिंग नीट हवे, हे सांगायला नकोच. काढलेले सुटे भाग नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्यावेत.

"कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये फायरवॉल असतेच की!" असे कोणी म्हणेल. असते. पण तिला नवे अपडेट मिळतात का, हे आपल्या हातात नसते. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने कारखान्यातले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. म्हणजे दारावर लावलेला कॅमेराच चोराचा साथीदार झाला. पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स या मोफत मिळणाऱ्या प्रणाली घातल्या, तर कॅमेऱ्यांसाठी वेगळे पोर्ट देऊन त्यांना घरच्या संगणकांपासून दूर ठेवता येते. त्यासाठी निदान तीन नेटवर्क पोर्ट हवेत, दोन पुरत नाहीत.

पण एक गोष्ट माझ्या वयाच्या वाचकांनी लक्षात ठेवावी. गोड बोलून फोनवर कोणी ओटीपी मागितला आणि आपण दिला, तर ही पेटी काहीही करू शकत नाही. ज्याला मालकच हात धरून आत आणतो, त्याला राखणदार कसा अडवणार?

आणि खरा प्रश्न पेटीचा नाहीच, माणसाचा आहे. अपडेट कोण करणार? नियम कुठे लिहून ठेवले आहेत? ज्याने बसवले तो परगावी गेला आणि नेट बंद पडले, तर घरातल्या दुसऱ्या कोणाला काही कळेल का? या तीन प्रश्नांची उत्तरे असतील, तर खुशाल पेटी उघडा. नसतील, तर कंपनीचा राउटर, बदललेला पासवर्ड आणि वेळच्या वेळी अपडेट, एवढे पुरे. वर्षानुवर्षे अपडेट न झालेली फायरवॉल म्हणजे खुर्चीत झोपलेला पहारेकरी. त्याच्या भरवशावर घरचे मात्र निर्धास्त झोपतात, धोका आहे तो यातच.

बघा, पटते का.