"किती किलो उतरलं?" हा प्रश्न आता पुरे



पर्युषण संपलं की पारण्याला जमलेल्या बायकांत हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "अठाई केलीस, किती किलो उतरलं?" मग कुणीतरी मोबाइल काढतं, उंची-वजन टाकतं आणि बीएमआय वाचून निकाल देतं: ही नॉर्मल, ती लठ्ठ. तप कर्मनिर्जरेसाठी असतं, वजनकाट्यासाठी नाही, हे तर आहेच. पण माझा राग त्या निकालावरही आहे.

हा आकडा आला कुठून? बेल्जियमचे अडॉल्फ केटले हे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत. १८३० च्या दशकात 'सरासरी माणूस' शोधताना त्यांनी हे सूत्र मांडलं: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं, सात हजारांवर पुरुषांची मापं तपासून. त्यात बाई एकही नव्हती! आणि आज त्याच आकड्यावरून आपण सुनेला टोमणे मारतो.

बरं, तक्ता तरी कोणता बघता? पाच फूट, म्हणजे साधारण दीड मीटर उंचीच्या, ५४ किलोच्या बाईचा बीएमआय २४ येतो. भिंतीवरच्या जुन्या तक्त्यात २५ पर्यंत सगळं ठीक. भारतीयांसाठी मात्र डॉक्टर २३ पासूनच जास्त वजन मानतात. कारण आपल्या अंगात तेवढ्याच वजनाला चरबी जास्त असते, तीही पोटाभोवती.

याचा उत्तम दाखला पुण्याचाच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांनी स्वतःचे फोटो छापून हे दाखवलं. आकडा तोच, पण शरीरं वेगळी. म्हणून "मी तर बारीक आहे, मला कसली शुगर?" असं म्हणत रोज साजूक तुपातली मिठाई आणि फरसाण खाणारीनेही गाफील राहू नये.

आता आपल्या नंदुरबारकडे बघा. बाजारपेठेतल्या दुकानदार घरांत पोट सुटतंय, आणि सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बाई अर्धपोटी राबतेय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २०.८ टक्के बायकांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी निघाला, तर २३.४ टक्के जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ. आपला जिल्हा कुपोषणासाठी वर्षानुवर्षं बातम्यांत आहे. अशा बाईला आपण कौतुकाने "काटक" म्हणतो. मला हा शब्द खटकतो. दीड मीटर उंचीला ४१ किलो म्हणजे काटकपणा नव्हे, ती बहुधा भूक आहे. तिथे हाच बीएमआय खरं बोलतो, आणि नेमकं तिथेच आपण तो ऐकत नाही.

म्हणजे आकडा फेकून द्या असं मी म्हणत नाही. हजारो लोकांचं चित्र दाखवायला तो चांगला आहे. एका बाईला तोलायला अपुरा आहे. त्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. रक्त किती आहे, हे तो सांगत नाही. आपल्या भागातला सिकलसेलही त्यात दिसत नाही.

मग घरी काय करायचं? एक दोरी घ्या, आपल्या उंचीएवढी. ती दुमडून अर्धी करा आणि पोटाभोवती गुंडाळा, साडीवरून नव्हे, खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. टोकं जुळली नाहीत तर सावध व्हा. टेपने मोजलंत तर बाईला ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषाला ९० च्या वर धोका. शिवाय वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब तपासा.

आणि जेवताना ऊणोदरी पाळा, म्हणजे दोन घास कमी. पण ती भरल्या ताटासमोर बसणाऱ्यासाठी आहे. ज्या घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर बाई उरलंसुरलं खाते, तिथे तिच्या ताटात आधी डाळ वाढा. आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईच्याही.