एक ‘कावीळ’, आजार वेगवेगळे

कावीळ म्हटले की महाविद्यालयीन मुलांना दूषित पाणी, उघड्यावरचा उसाचा रस आणि गावाकडचे झाडपाल्याचे औषध आठवते. ‘हिपॅटायटिस बी’ हे नाव अनेकांच्या कानावरून गेलेले असते. पण तोही पाण्यातूनच होतो, असा समज आढळतो. हा गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. दूषित पाण्यातून होणाऱ्या ‘ए’ आणि ‘ई’लाही कावीळ म्हणतात, आणि रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून किंवा प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होणाऱ्या ‘बी’लाही कावीळच.

फरक मात्र मोठा आहे. ‘ए’ आणि ‘ई’ बहुधा काही आठवड्यांत बरे होतात. ‘बी’चा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे राहू शकतो, तोही डोळे पिवळे न करता. पुढे त्यातून सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग होऊ शकतो. अर्भकावस्थेत लागण झाली, तर सुमारे ९० टक्के बाळांमध्ये ती कायमची ठरते. निरोगी प्रौढांमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये भारतात अंदाजे २ कोटी ९८ लाख लोकांना ‘बी’ची दीर्घकालीन लागण होती. जगभरातील अशा रुग्णांपैकी निदान झालेले होते फक्त १३ टक्के.

या आजारावर प्रभावी लस आहे. ‘लहानपणी सगळ्या लसी झाल्या’ एवढ्यावर मात्र विसंबता येत नाही. सरकारी लसीकरणात ही लस २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली, २००७-०८ मध्ये दहा राज्यांत पोहोचली आणि २०११ मध्ये देशभर लागू झाली. आज पदवीचे शिक्षण घेणारी बहुतेक मुले त्याआधी जन्मलेली आहेत. म्हणून घरातले लसीकरणाचे कार्ड एकदा काढून पाहावे. नोंद नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ‘एचबीएसएजी’ ही रक्ततपासणी करून सहा महिन्यांत लसीचे तीन डोस पूर्ण करता येतात.

अनेक तरुणांना लागण असल्याचे कळते ते महाविद्यालयातल्या रक्तदान शिबिरानंतर, कारण प्रत्येक रक्तपिशवीची ही तपासणी सक्तीची आहे. पण तपासणीसाठी रक्तदान करणे योग्य नाही. लागण नुकतीच झाली असेल, तर ती चाचणीतून निसटू शकते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. प्रत्येक बाधिताला औषध लागतेच असे नाही. नियमित तपासणी मात्र लागते. ज्यांना औषध लागते, त्यांचा विषाणू रोजच्या गोळीने आटोक्यात राहतो.

वसतिगृहात वस्तरा किंवा रेझर कोणाबरोबरही वापरू नये, गोंदवताना सुई नवीन असल्याची खात्री करावी. एकत्र जेवल्याने किंवा हस्तांदोलनाने ‘बी’ पसरत नाही. बाधित मित्राचे ताट वेगळे ठेवणाऱ्याने आधी स्वतःचे लसीकरणाचे कार्ड तपासलेले बरे.