वाघाची वार्ता आणि समूहाची शिस्त

चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ऊर्जानगरास ताडोबाचे जंगल दूर नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा आणि पाठोपाठ शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला. ते दिवस येथील रहिवासी विसरलेले नाहीत. अशा ठिकाणी मोहल्ल्याचा व्हॉट्सॲप समूह केवळ करमणुकीचे साधन राहत नाही. रात्रपाळीला निघालेल्या माणसाने कोणता रस्ता धरावा, हे अनेकदा त्या समूहावरील एका ओळीवरून ठरते.

म्हणूनच नोव्हेंबर २०२५ मधील एक घटना विचारात घेण्यासारखी आहे. ब्रह्मपुरी येथील वनविश्रामगृहाच्या आवारात वाघ एका माणसाला ओढून नेत असल्याची चित्रफीत सर्वत्र फिरली. ती सीसीटीव्हीचे चित्रण असल्यासारखी दिसत होती. अखेर वनविभागाला खुलासा करावा लागला की, असे काही घडलेच नाही आणि ही चित्रफीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बनविलेली आहे. खोट्या वाघाने कोणास खाल्ले नाही, हे खरे. परंतु अशा प्रत्येक वार्तेमुळे पुढच्या खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वास उणा होतो, आणि आमच्या जिल्ह्यात त्या अविश्वासाची किंमत प्राणांनी मोजावी लागू शकते. अफवा स्वतःही जीव घेते, हे धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी महाराष्ट्राने पाहिले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून तेथे जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठेचून मारले.

वृत्तपत्राला संपादक असतो, आकाशवाणीला अधिकारी असतो. व्हॉट्सॲप समूहांना असे कोणतेही केंद्र नाही. संदेश कुलूपबंद असल्यामुळे तो कंपनीलाही वाचता येत नाही. राईनपाड्यासारख्या घटनांनंतर जुलै २०१८ मध्ये कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार पुढे पाठविलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे ठरविले. या उपायांनी वेग कमी होतो. खरे-खोटे मात्र ज्याच्या त्याच्या समूहातच पारखावे लागते.

मग जबाबदारी कोणाची? गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये याचे कायदेशीर उत्तर दिले. समान हेतू किंवा पूर्वनियोजन असल्याशिवाय, एखाद्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही, असा तो निर्णय होता. सदस्य घेणे वा काढणे याखेरीज ॲडमिनच्या हाती फारसे काही नसते, असेही न्यायालयाने नमूद केले होते. आम्हांस तो निर्णय न्याय्य वाटतो. मात्र २०२२ पासून कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसून टाकण्याची सोय ॲडमिनला मिळाली आहे. कायद्याचा दोष त्याच्यावर येवो न येवो, अधिकार वाढला तशी नैतिक जबाबदारीही वाढली आहे.

हा अधिकार वापरण्याच्या दोन सोप्या वाटा आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली म्हणजे डोळेझाक. दुसरी म्हणजे, केवळ ॲडमिनच लिहू शकेल असे करून सर्वांची तोंडे बंद करणे. दुसऱ्या वाटेने शांतता नांदते खरी, परंतु पाण्याच्या टाकीजवळ बिबट्या पाहणाऱ्या गृहिणीला ते सांगण्याची सोय उरत नाही.

तिसऱ्या वाटेसाठी आपणांस परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव. २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात. एकमत होईना, तर निर्णय लांबणीवर टाकला जातो. शिवाय गावात अभ्यासगट आहे. तो निर्णय घेत नाही. माहिती गोळा करतो, चर्चा करतो आणि ग्रामसभेपुढे ठेवतो. आधी पारख, मग निर्णय, हा तो क्रम आहे. सामाईक संपत्तीच्या व्यवस्थापनावरील संशोधनासाठी त्याच वर्षी नोबेल पुरस्कार मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे निष्कर्षही याला पूरक आहेत. वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले नियम टिकतात, आणि शिक्षा सौम्य पायरीपासून सुरू झाल्यास लोक ती मान्य करतात.

परस्परांवरील विश्वास हे समूहाचे सामाईक जंगलच होय. त्याच्या राखणीसाठी काही साधे नियम सदस्यांनी एकत्र बसून ठरवावेत, असे आम्ही सुचवितो. वन्यप्राण्याची वार्ता देणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, कोठे व केव्हा, हे लिहावे. बाहेरून आलेली चित्रफीत वनविभागाकडून खात्री होईपर्यंत पुढे पाठवू नये. कोणी चुकल्यास प्रथम त्याला एकांतात समजवावे, मग संदेश पुसावा, आणि काढून टाकणे हा शेवटचा उपाय मानावा. खोटी ठरलेली वार्ता गुपचूप पुसू नये, ती खोटी होती हे त्याच समूहावर कळवावे. ॲडमिनही एक नसावा, वेगवेगळ्या गल्ल्यांतील दोघे-तिघे असावेत.

वाढीविषयीही हाच विवेक हवा. २०१६ मध्ये एका समूहात २५६ सदस्यांची मर्यादा होती, २०२२ मध्ये ती १,०२४ झाली. तथापि एकमेकांना न ओळखणाऱ्या हजार जणांपेक्षा एकमेकांची दारे ठाऊक असलेली साठ माणसे अधिक विश्वसनीय असतात. समूह फुगू लागल्यास त्याचे वसाहतीनिहाय भाग करणे हितकर होय.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात समाजमाध्यमांवरील समूहांकडून खऱ्या मानवी समुदायाकडे वळण्याचे आवाहन केले होते. ऊर्जानगरात त्याचा अर्थ अगदी सरळ आहे. अंधार पडल्यावर भ्रमणध्वनीवर आलेल्या इशाऱ्यामागे ओळखीचा, विश्वासाचा शेजारी असला पाहिजे. तसा शेजारी आपण इतरांसाठी आहोत काय, हा प्रश्न पुढचा संदेश धाडण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावा.